हाताला ठाऊक असलेली जागा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीला अगदी लागून आहे. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या शेजारधर्माने पार बदलून गेले आहे. जुन्या घरांच्या मागे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील पुष्कळ बिऱ्हाडांचा चरितार्थ संगणकाच्या पडद्यावर चालू लागला. पडद्यावर काय कोठे दिसावे, कोणते बटण कोठे असावे, हे ठरविणारे आणि तपासणारे तरुण येथे राहतात. त्याच घरांत वसईहून, श्रीरामपूरहून किंवा पुण्याच्या कॅम्पातून मुलांकडे राहावयास आलेले त्यांचे आईवडीलही असतात. एखाद्या सकाळी वडील पेन्शनचा हिशेब पाहण्यासाठी संगणक उघडतात. रात्रीतून यंत्र ‘अद्ययावत’ झालेले असते. डाव्या कोपऱ्यातील ओळखीचे बटण तेथे नसते. ते खालच्या पट्टीच्या मध्यभागी जाऊन बसलेले असते. “माझे बटण कुठे गेले?” असे वडील विचारतात. “बाबा, दोन दिवसांत सवय होईल,” असे मुलगा म्हणतो आणि कामावर निघून जातो.

या लहानशा संवादात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मुलाच्या दृष्टीने वडिलांची कुरकुर म्हणजे वयाचा हट्ट. वडिलांच्या दृष्टीने मुलाचे उत्तर म्हणजे प्रश्नाची टाळाटाळ. दोघांनाही आपापल्या परीने खरे वाटते. परंतु बदललेल्या मांडणीविषयी वापरणाऱ्याच्या मनात येणारी शंका ही नेहमी अडाणीपणातूनच येते काय? गेल्या तीस वर्षांचा इतिहास चाळला, तर उत्तर इतके सोपे राहत नाही.

संगणकाच्या पोटात चालणारा कारभार सामान्य माणसाला दिसत नाही. त्याला दिसते ती त्या कारभाराची दर्शनी मांडणी, ज्याला जाणकार ‘इंटरफेस’ म्हणतात. १९८० च्या दशकातील एमएस-डॉस या प्रणालीत ही मांडणी म्हणजे काळा पडदा आणि त्यावर टाईप करावयाच्या आज्ञा. आज्ञा पाठ असेल तर यंत्र हलत असे, नसेल तर ढिम्म उभे राहत असे. पुढे खिडक्यांची आणि चित्रांची मांडणी आली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये कामाची चित्रे वेगवेगळ्या खिडक्यांतून गटागटाने मांडलेली असत. परंतु नव्या मांडणीच्या चाचण्या घेताना मायक्रोसॉफ्टच्या लक्षात एक गोष्ट आली, ती अशी की, नवख्या माणसाला आरंभ कोठून करावा हेच उमगत नाही. म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये खाली एक पट्टी आणि तिच्या डाव्या टोकाला एक बटण आले. त्या बटणावर एकच शब्द होता : ‘स्टार्ट’.

त्या वेळीही शंकेखोर होतेच. यंत्र बंद करावयाचे तर ‘स्टार्ट’ दाबावे लागते, ही कोटी जगभर केली गेली. जुन्या मांडणीत मुरलेल्या लोकांना ही पट्टी म्हणजे उगाच अडवलेली जागा वाटली. पण त्या प्रणालीच्या कर्त्यांनी एक शहाणपण दाखविले होते. जुना ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ त्यांनी फेकून दिला नव्हता. शोधणाऱ्याला तो नव्या प्रणालीतही सापडत असे. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली, तेव्हा तिची निळी पट्टी आणि हिरवे बटण अनेकांना खेळण्यासारखे भासले. पण ज्याला नको असेल त्याला जुने करडे रूप परत घेण्याची सोय तीतही होती. नवे दार उघडताना जुने दार चिणून टाकले नाही, म्हणून शंका हळूहळू विरली.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणूस संगणकासमोर बसला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांतून पोहोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागे. त्यामुळे शिक्षक, कारकून, नोकरीच्या शोधातील तरुण आणि गृहिणी अशा लाखो लोकांनी पहिला धडा गिरविला तो याच डाव्या कोपऱ्यातून. मराठी माणसाने ‘संगणक शिकलो’ असे म्हटले, तर त्याचा पुष्कळसा अर्थ ‘स्टार्टपासून पुढची वाट मला ठाऊक आहे’ असाच होता. ही वाट पुस्तकात राहिली नाही. ती हातात उतरली. सायकल चालविणारा तोल विचार करून सांभाळीत नाही, तद्वतच उंदीर धरलेला हात डोळ्यांची वाट न पाहता कोपऱ्याकडे जाऊ लागला.

मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली आणि तो कोपरा रिकामा झाला. बटण गेले, त्याच्या जागी रंगीत फरशांसारखी चित्रे मांडलेला एक संपूर्ण पडदा आला. कारण उघड होते. २०१० साली ॲपलचा आयपॅड बाजारात आल्यापासून बोटाने स्पर्श करण्याच्या पाट्यांचे युग सुरू झाले होते आणि त्या युगात मागे पडण्याचे भय मायक्रोसॉफ्टला वाटत होते. शिवाय आपण गोळा केलेल्या आकडेवारीनुसार स्टार्ट मेनूचा वापर घटत चालला आहे, असेही कंपनीने आधीच जाहीर केले होते. हिशेब चुकीचा नव्हता. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. घराच्या उंबऱ्याकडे माणूस दिवसातून किती वेळा निरखून पाहतो, हे मोजून उंबऱ्याचे मोल ठरत नाही. तो तेथे आहे, या भरवशावर माणूस अंधारातही चालतो.

टेबलावरच्या संगणकाला स्पर्शाचा पडदा नव्हता, त्यामुळे बोटासाठी केलेली मांडणी उंदराने चालवावी लागली. यंत्र बंद करावयाची सोय पडद्याच्या उजव्या कडेत लपलेली होती. ती सापडेपर्यंत भले भले लोक चाचपडले. जगभर तक्रारी झाल्या. अनेक कार्यालये आधीच्या विंडोज ७ वरच ठाम राहिली. ज्यांच्या देखरेखीखाली ही प्रणाली घडली होती, ते स्टीव्हन सिनॉफ्स्की नोव्हेंबर २०१२ मध्येच कंपनीतून बाहेर पडले. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले, मात्र ते दाबले की फरशांचाच पडदा उघडे. पूर्ण यादी परतली ती २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० बरोबर. जगातील एका अत्यंत बलाढ्य कंपनीला सामान्य कारकुनाच्या हाताच्या सवयीपुढे तीन वर्षांत माघार घ्यावी लागली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्ये तेच बटण मध्यभागी सरकले, पण त्याला पुन्हा डावीकडे नेण्याची सोय ठेवण्यात आली. आधीचा धडा निदान तेवढ्यापुरता तरी गिरविला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा संशय केवळ संगणकाच्या युगातला नाही. यंत्राने माणसाकडे यावे की माणसाने यंत्राकडे जावे, हा वाद मराठी भाषेने फार आधीपासून अनुभवला आहे. आपल्या वाचकांना परिचित असलेले उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. ओवीबद्ध मराठीत लिहिलेला हा ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापला गेला, पण रोमन लिपीत. स्टीफन्स यांची इच्छा तशी नव्हती. या भूमीची पुस्तके या भूमीच्याच अक्षरांत छापली जावीत, अशी विनंती त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे पत्राने केली होती. अडचणही त्यांनीच मांडली होती : युरोपीय भाषांना चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे जोडाक्षरांसह सुमारे सहाशे लागतील. यंत्र बदलले नाही. भाषेनेच परका पोशाख चढविला. ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत छापले जाण्यास १९५६ साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांनी पुण्यात ती आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पहिल्या छपाईला ३४० वर्षे झाली होती.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. १८३१ च्या सुमारास गणपत कृष्णाजी यांनी तेथे शिळाप्रेसवर मराठी छपाई सुरू केली. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्यांच्या उद्योगाची हकिकत दिली आहे. त्या काळी अनेक सनातनी लोक छापील कागदास शिवावयासही कचरत. शाईत चरबी असते, अशी त्यांची शंका होती. म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरल्याची गोष्ट सांगितली जाते. त्या काळातील अनेक छापील पोथ्याही पाहाव्यात : पाने सुटी, आडवी, हस्तलिखितासारखीच मांडलेली. वाचकाच्या शंकेला हसण्याऐवजी त्या छापणाऱ्यांनी तिला उत्तर दिले. आतले तंत्र संपूर्ण नवे होते, परंतु हाताला लागणारे रूप त्यांनी ओळखीचे ठेवले. पोथी उलटणाऱ्या हाताला आपण नव्या युगात आलो, हे कळण्यापूर्वीच तो त्या युगात आलेला होता.

या दोन टोकांच्या मधली, आणि आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेली, कथा आहे ती मराठी टंकलेखनाची. गावोगावी टायपिंगच्या क्लासांतून सकाळ-संध्याकाळ खडखडाट चाले. मिनिटाला तीस, मग चाळीस मराठी शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरीच्या दारावर थाप मारण्याचा अधिकार मिळविणे होते. त्या यंत्राने देवनागरीचे आपल्या सोयीने तुकडे केले होते. अर्ध्या अक्षराला काना जोडला की पूर्ण अक्षर होई. ‘कि’ लिहावयाचा तर आधी वेलांटी उमटवून मग ‘क’ दाबावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. ‘धर्म’ लिहिताना ‘म’ नंतर वर रफार चढवावा लागे. डोळ्यांना दिसते तशा क्रमाने बोटे चालत. हजारो टंकलेखकांनी हा क्रम वर्षानुवर्षे घोटून हातात मुरविला.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिपींसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा नवा कळफलक प्रमाण ठरविला. १९९१ साली भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणातही त्याला स्थान मिळाले. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिपींसाठी विकसित केलेले तंत्र पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या पुण्याच्या संस्थेकडे आले. नव्या कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला होती. ‘क’ आणि ‘ख’, ‘ग’ आणि ‘घ’ अशा जोड्या एकेका कळीवर बसविल्या होत्या. क्रमही पालटला. आता ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. यंत्र स्वतःच तिला डावीकडे नेऊन बसवी. ‘धर्म’ मधला अर्धा ‘र’ आता ‘म’ च्या आधी लिहावयाचा होता, जसा तो उच्चारला जातो.

टंकलेखकांना हे उलटे वाटले. वीस वर्षे जी बोटे अचूक चालली, ती एका दिवसात चुकू लागली. ज्याने कार्यालयात इतरांना शिकविले, तो स्वतःच पहिलीच्या बाकावर येऊन बसला. मिनिटाला चाळीस शब्दांची कमाई शून्यावर आली. ही भीती काल्पनिक नव्हती. त्या वेगावर त्याची भाकरी आणि त्याचा मान दोन्ही अवलंबून होते. तरीही न्यायाने पाहू जाता नवा क्रम परका नव्हता. शाळेत आपण बाराखडी शिकलो ती ‘क’ ला वेलांटी ‘कि’ अशीच. तेथेही आधी व्यंजन, मग स्वर. टाईपरायटरने वाकविलेली भाषा नव्या कळफलकाने एका अर्थी सरळ केली होती. पण हे कोणी टंकलेखकाशेजारी बसून त्याला समजावून सांगितले असेल, तर ते फारच थोड्या ठिकाणी. बहुतेकांच्या वाट्याला आले ते ‘सवय होईल’ एवढेच उत्तर.

बाजाराने मधली वाट काढली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम अशा साधनांत टाईपरायटरचा जुना कळफलकही निवडता येत असे. हात निवांत झाले. पण आत एक धोका लपून राहिला. त्या काळातील बहुतेक मराठी फॉन्टांत प्रत्येक कंपनीचे सांकेतिक क्रमांक निराळे होते. एका संगणकावर सुंदर दिसणारा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की निरर्थक चिन्हांचा ढीग उरे. १७ फेब्रुवारी २००० रोजी आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोडवर आधारलेली देवनागरी प्रणालीतच मिळू लागली. मजकूर कोठेही वाचता येईल, शोधता येईल, अशी सोय झाली. पण तिचा ‘मंगल’ हा फॉन्ट हिंदी वळणाचा होता. त्यातील ‘ल’ मराठी डोळ्याला खटके. या खटकण्याला अनेकांनी क्षुल्लक मानले, पण आपल्या मुळाक्षराचे रूप ओळखीचे असावे, ही मागणी क्षुल्लक कशी म्हणावी? दुसरीकडे, याच नाराजीपायी अनेक छापखाने आणि लहान नियतकालिके दीर्घकाळ जुन्या फॉन्टांना धरून राहिली. आज त्यांचे जुने मजकूर उघडावयाचे तर आधी परिवर्तक शोधावा लागतो. कधी मूळ साधनच उरलेले नसते. संस्थांच्या स्मरणिका, कुटुंबांची वृत्ते, सभांचे अहवाल अशा पुष्कळ गोष्टी या कुलुपात अडकल्या आहेत.

येथे शंकेखोराचीही जबाबदारी येते. जुन्याला चिकटून राहण्याची किंमत असते आणि ती कधी कधी फार जड पडते. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली. तरीही भारतातील अनेक एटीएम तिच्यावरच चालत राहिली. अखेरीस जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ती बदलण्यासाठी जून २०१९ पर्यंतचे वेळापत्रक घालून दिले. विंडोज १० ची नेहमीची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्या घराच्या कड्या-कोयंड्यांची डागडुजी थांबली, तेथे केवळ ओळखीचे म्हणून राहता येत नाही. मारुंजीतील त्या वडिलांना नव्या घरी जावेच लागते. त्यांच्या मुलाचे म्हणणे इतक्यापुरते खरे आहे.

पण या इतिहासातून दिसणारी मुख्य गोष्ट निराळीच आहे. आतला बदल आणि हाताचा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी, एकाच हुकमाने करण्याचे कारण बहुधा नसते. युनिकोडच्या मजकुरासाठीही टाईपरायटरच्या धर्तीचा कळफलक देता येतो आणि तो दिला गेलाही. म्हणजे ज्या टंकलेखकाने ‘मला जमणार नाही’ म्हणून जुना फॉन्ट धरून ठेवला, त्याला वेळीच हे सांगणारे कोणी असते, तर त्याचा हातही राहिला असता आणि त्याचा मजकूरही वाचला असता. नुकसान शंकेने झाले नाही. शंकेला उत्तर न मिळाल्याने झाले. पोथी छापणाऱ्यांना जे एकोणिसाव्या शतकात उमगले, ते विंडोज ८ च्या कर्त्यांना २०१२ मध्ये विसरावेसे वाटले, इतकाच काय तो फरक.

महाराष्ट्रात यंत्रावरची सरकारी टंकलेखन परीक्षा २०१७ साली शेवटची झाली आणि क्लासांतला तो खडखडाट थांबला. गोदरेजच्या टाईपरायटरांचे उत्पादनही त्यापूर्वीच बंद झाले होते. त्या यंत्रांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. त्यांनी आपले काम केले. पण त्यांच्यावर बसलेल्या माणसांच्या बोटांत जे ज्ञान होते, ते कोणत्याही पुस्तकात नोंदले गेले नाही, आणि बदलाच्या हिशेबातही ते कोणी धरले नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत दरवर्षी मोटारगाड्यांचे नवे नमुने निघतात. आकार बदलतो, रंग बदलतो, यंत्र बदलते; पण ब्रेकच्या जागी क्लच बसविण्याचे धाडस कोणी करीत नाही. तेथे चूक झाली तर जीव जातो, हे सर्वांना ठाऊक असते. पडद्यावर चूक झाली तर फक्त एका वृद्धाचा आत्मविश्वास जातो; म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

संध्याकाळी मुलगा मारुंजीला घरी परततो, तेव्हा त्याने पाच मिनिटे वडिलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे. बटण का सरकले ते सांगावे. ते पुन्हा डावीकडे कसे नेता येते तेही दाखवावे. आणि नेऊ की येथेच राहू देऊ, असे त्यांनाच विचारावे. कदाचित वडील म्हणतील, “राहू दे, आता कळले.” सांगितलेल्या बदलाशी माणसाचा हात लवकर मैत्री करतो. आणि दुसऱ्या दिवशी कामावर नव्या पडद्याची मांडणी करताना त्या मुलाला दूरच्या कोणत्या तरी घरातला, ओळखीचा कोपरा शोधणारा एक हात आठवला, तर वडिलांची ती कुरकुर वाया गेली नाही, असे म्हणता येईल.